पाऊल कुणाकडे आहे?

शिलाईवाल्या ताईंचं माप हरवलं आहे हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी माझी बायको जाऊन चार महिने आणि सहा दिवस झाले होते. मंगळवार होता. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगतोय, कारण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो माझ्यामुळे आहे.

मी कृत्रिम पाय बनवतो. तीस वर्षं हेच करतोय. आमचं केंद्र लहान आहे. दारातून आत आलं की नोंदणीची खिडकी, मग माप घ्यायची खोली, मग माझी कार्यशाळा, आणि वरच्या मजल्यावर डॉक्टर. जिन्याखाली एक अरुंद खोली आहे, तिथे माझी बायको बसायची. सगळे तिला बाई म्हणायचे. केंद्रातल्या सगळ्या पेशंटच्या नोंदी ज्या प्रोग्रामवर आहेत तो तिने एकटीने लिहिला होता.

शिलाईवाल्या ताई त्या दिवशी दोन कुबड्यांवर आल्या आणि पिशवीतून पाय काढून माझ्या टेबलावर ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी मीच दिलेला नवा पाय.

"मिस्त्री, हा पाय माझा नाही," त्या म्हणाल्या. "कुणा जाड्या बाईचा मला दिलात."

"आधी बसा तरी."

"तीन आठवडे बसूनच आहे. उभं राहून कापड बेतायला गेले की पाय आतल्या आत फिरतो. बघा काय झालंय ते."

मी बघितलं. टोकाची कातडी सोलवटली होती आणि एका जागी जखम खोल गेली होती.

पायाचा जो भाग वाटीसारखा उरलेल्या पायावर चढतो, त्याला आम्ही सॉकेट म्हणतो. पाय कापल्यानंतर पहिलं वर्षभर उरलेला पाय बारीक होत जातो. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्यायचं, जुना प्लास्टरचा साचा नव्या मापापर्यंत घासून उतरवायचा आणि त्यावर नवं सॉकेट करायचं. ताईंचा साचा मी घासला होता का? मला आठवेना. मी कपाटातून साचा काढला. त्यावर कानशीचा एकही ओरखडा नव्हता.

मापवाले काका त्यांच्या खोलीतून आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, चष्मा कपाळावर. "मी नवं माप टाकलं होतं," ते म्हणाले. "बावीस तारखेला. वरच्या घेराला दोन सेंटीमीटर कमी भरलं होतं, मला चांगलं आठवतंय."

आम्ही संगणकावर नोंद उघडली. माप मार्चचं होतं. पत्ता मात्र नवा होता.

"कागद कुठे आहे? ज्यावर लिहून घेतलं होतंत तो?"

"फाडला. बाईंचा नियमच होता ना. एक माप दोन ठिकाणी असलं की चुकीचंच वापरलं जातं, म्हणायच्या."

नोंदणीच्या खिडकीत बसते तिला आम्ही सगळे खिडकीच म्हणतो. चाळिशीची आहे, आवाज असा की वरच्या मजल्यावर निरोप द्यायला तिला फोन लागत नाही. त्या दिवशी ती अगदी हळू बोलली. "पत्ता मी बदललाय. त्याच दिवशी. ताई सकाळी आल्या तेव्हा नोंद उघडली, मग गर्दी झाली. जेवून आल्यावर पत्ता टाकला आणि सेव्ह केलं."

काकांना आधी कळलं. सकाळपासून तिच्या पडद्यावर जुनं माप होतं. मधल्या वेळात काकांनी त्यांच्या खोलीतून नवं माप भरलं. दुपारी तिने सेव्ह केलं तेव्हा अख्खं पान गेलं, पत्ता नवा आणि माप जुनं. आमचा प्रोग्राम शेवटी जे लिहिलं जाईल तेच खरं धरतो.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. काका भिंतीकडे बघत होते, खिडकी जमिनीकडे. त्यांनी बघितलं नाही यावरूनच मला समजलं की त्यांना सगळं माहीत आहे.

तो प्रोग्राम माझ्या बायकोने स्वतःपुरता लिहिला होता. एक संगणक, एक माणूस. काम वाढलं तशी माप-खोलीला तोच प्रोग्राम हवा झाला, मग खिडकीला, मग मला, मग डॉक्टरांना. एकाच्या मापाचा सदरा चौघांनी घातला. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की गोंधळ होतो हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यावर तिने उपाय काढला. तिच्या टेबलावर एक लाकडी पाऊल असायचं, तळहाताएवढं, उजवं. हे काम शिकत होतो तेव्हा मी कोरलेलं पहिलं पाऊल. त्याची करंगळी जरा मोठी झाली आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने ते कागदांवर दाब म्हणून ठेवलं आणि पुढे असा नियम केला की ज्याच्या टेबलावर पाऊल, त्यानेच नोंदीत लिहायचं. बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. लिहून झालं की पान बंद करायचं आणि पाऊल जिन्याखाली परत.

दिवसभर केंद्रात एकच हाक असायची. "पाऊल कुणाकडे आहे?" काका म्हणायचे, "बाईंच्या परवानगीशिवाय इथे कुणी पाऊल टाकत नाही." ती आतून म्हणायची, "काका, गप्पा नंतर, पाऊल आधी." अकरा वर्षं हे असं चाललं आणि एकही माप हरवलं नाही.

ती गेली त्याच्या आठव्या दिवशी मी तिची खोली आवरली. चष्म्याचं घर, एक स्वेटर, एक वही आणि ते पाऊल मी पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

नंतर कुणी मागितलं नाही.

डॉक्टरांनी आम्हाला वर बोलावलं. माणूस वाईट नाही, पण घाईत असतो. "ही चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, पाऊल जागेवर नव्हतं..." खिडकी बोलायला लागली आणि थांबली.

"नव्हतं म्हणजे?"

"काही नाही. माझंच चुकलं. पान बंद करायला हवं होतं."

"ताईंना जखम झालीय. पुन्हा असं झालं तर खिडकीवर मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल. मी हे आनंदाने सांगत नाहीये."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला मला कुणी मनाई केली नव्हती. मी बोललो नाही. डॉक्टर मग माझ्याकडे वळले. दोन महिन्यांत आणखी दोन केंद्रं आम्हाला जोडली जाणार होती, बारा माणसं एकाच वेळी नोंदी लिहिणार होती. नवा प्रोग्राम कशावर बांधायचा हे ठरवायला हवं होतं. "बाईंनी सगळी माहिती काढली होती. त्यांची वही तुमच्याकडे आहे ना, मिस्त्री? चौथ्यांदा विचारतोय."

"आणतो," मी म्हणालो. चौथ्यांदा.

संध्याकाळी मुलगी आली. ती शाळेत गणित शिकवते, आठवड्यातून दोनदा डबा घेऊन येते आणि फ्रीज उघडून मागचा डबा तसाच आहे का ते बघते. त्या दिवशी तिने खिडकीतल्या फळीवरून पाऊल उचललं.

"बाबा, हे आईच्या ऑफिसातलं ना?"

"मी कोरलेलं आहे."

"ते माहितीये. दहा हजार वेळा ऐकलंय. पण ते इथे काय करतंय?"

"कुणी मागितलं नाही."

"कोण मागणार? ज्याची बायको गेलीय त्याच्याकडे जाऊन तिची वस्तू परत द्या म्हणायला कुणाची जीभ उचलेल?"

मी तिला माप, जखम, खिडकी, सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाऊल हातात फिरवत राहिली.

"आणि साचा?" तिने विचारलं. "सहा महिन्यांनी पाय बारीक होतोच, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगताय. जुनंच माप समोर आलं तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?"

मी म्हणालो, "नाही आली." यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तीस वर्षांत माझ्या हाताला आधी कळायचं आणि मग मला. या चार महिन्यांत पडद्यावर आकडा दिसला की हात तो आकडा करत होते, इतकंच.

"उद्या हे घेऊन जा आणि सगळ्यांसमोर बोला. आई असती तर काय केलं असतं तिने?"

"काय?"

"तुम्हाला आठवडाभर खिडकीवर बसवलं असतं. फोन घ्यायला."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती भांडी घासायला गेली आणि बराच वेळ नळ नुसताच चालू होता.

दुसऱ्या दिवशी मी पाऊल जिन्याखालच्या टेबलावर ठेवलं आणि वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. काका आणि खिडकी दोघांनाही बोलावून घ्या म्हटलं. पाऊल मी नेलं, माप बघूनही मला शंका आली नाही, आणि काल मी गप्प बसलो, हे तिन्ही सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. "पाऊल दिसत नाही हे मलाही दिसत होतं," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही. आता वही आणा आणि निवड तुम्हीच करा."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"बाईंनी कळेल असंच लिहिलं असणार."

खिडकी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्या टेबलावर आदळून म्हणाली, "मिस्त्री, त्या दिवशी वर मी तुमचं नाव घेतलं नाही ते दया म्हणून. आणि तुम्ही गप्प राहिलात तेव्हा असा राग आला होता की बोलायची सोय नाही. दोन्ही खरं आहे. चहा प्या."

वहीत बायकोने तीन पर्याय लिहिले होते. एकेका पर्यायाला एक उभा रकाना, आणि डाव्या बाजूला प्रश्न. तिचं अक्षर बारीक आणि उभं. प्रश्न असे होते. दोघांनी एकच नोंद उघडली तर काय होतं? अर्ध्यात वीज गेली तर अर्धं लिहिलेलं कुठे जातं? जुनं माप राहतं की पुसलं जातं? दुसऱ्या गावातून लिहिता येईल का? आणि सगळ्यात खाली, मी नसले तर कोण दुरुस्त करेल?

पानावर तारीख होती. तिच्या आजाराचं कुणालाच, तिलाही, माहीत नव्हतं तेव्हाची. रजेवर असले तर, एवढंच तिच्या मनात असणार. सगळे रकाने रिकामे होते.

मी तिन्ही पर्यायवाल्यांना बोलावलं. त्यांची भाषा मला कळत नव्हती, म्हणून मी प्रत्येकाला तेच करायला लावलं. दोन संगणक मांडले. एकावर काका, दुसऱ्यावर खिडकी. दोघांनी एकच नोंद उघडायची, काकांनी माप बदलायचं, मग खिडकीने पत्ता बदलून सेव्ह करायचं.

पहिला गृहस्थ आमचा प्रोग्राम ज्यावर बनला होता त्याचीच मोठी आवृत्ती विकत होता. "तुमच्या मॅडमचं काम जसंच्या तसं राहील," तो म्हणाला. "पडदे तेच, बटणं तीच. रंगसुद्धा." तिने पडद्याचा रंग फिका हिरवा ठेवला होता आणि प्रोग्राम उघडला की वरच्या ओळीत यायचं, आधी बघा, मग लिहा. मला तोच हवा होता. हे मी लपवत नाही. त्याने अजून काही दाखवलं नसतं तरी मी सही केली असती.

काकांनी चौतीसचं बत्तीस केलं. खिडकीने पत्ता बदलला आणि सेव्ह केलं. नोंद पुन्हा उघडली तर तिथे चौतीस होतं. कुठे काही वाजलं नाही, काही निरोप आला नाही.

"हे सोडवता येतं," तो गृहस्थ म्हणाला. "आपली ही आवृत्ती सगळं करते. फक्त कोडमध्ये तशी तपासणी लिहावी लागेल."

"कोण लिहिणार?"

"ज्यांनी मूळ लिहिलंय त्यांनाच ते सोपं जाईल."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्या माणसाला काही माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. मी वहीत त्याच्या रकान्यात शेवटच्या प्रश्नासमोर लिहिलं, कोणी नाही.

दुसऱ्याकडे उलट होतं. एकाने नोंद उघडली की ती दुसऱ्याला बंद. काकांनी नोंद उघडली, त्यांना फोन आला, ते बाहेर गेले. खिडकीसमोर खराच एक पेशंट पत्ता सांगायला उभा होता. वीस मिनिटं तो उभा राहिला आणि ती त्याला हवापाण्याचं विचारत राहिली.

"हे तर आपलं पाऊलच झालं," काका परत येऊन म्हणाले.

"पाऊल परवडलं," खिडकी म्हणाली. "ते निदान तुमच्या टेबलावरून उचलून आणता येतं."

काही वेळाने आपोआप सुटेल अशी सोय करता येते, असं त्या दुसऱ्याने सांगितलं. मी तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, केस पिकलेले, बोलणं कमी. त्यांचा प्रोग्राम एका मोठ्या सामायिक डेटाबेसवर चालतो आणि कुठूनही ब्राउझरमध्ये उघडतो. काकांनी बत्तीस लिहिलं. खिडकीने पत्ता टाकून सेव्ह दाबलं आणि पडदा थांबला. वर आलं, तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद बदलली आहे. खाली दोन्ही मापं शेजारी शेजारी, कुणी लिहिलं आणि किती वाजता ते.

"आणि जुनं माप?" मी विचारलं.

"माप पुसायचंच नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक माप नवी ओळ. तुम्हालाही पाय किती बारीक होत गेला ते दिसेल ना."

मी वहीतला शेवटचा प्रश्न वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हे जाणणारी माणसं भरपूर आहेत. मी नसले तर दुसरं कुणी."

"आमच्या बाईंचे पडदे यात येतील का?"

"नोंदी सगळ्या येतील. त्यांनी लिहिलेले शेरेही. पडदे नाही येणार. तो प्रोग्राम बंद करावा लागेल." आमचा जुना प्रोग्राम उघडून बघत त्या म्हणाल्या, "वरची ओळ हवी असेल तर ती घालू. आधी बघा, मग लिहा."

मी नको म्हटलं. हा प्रोग्राम स्वतःच बघत होता.

वहीचा तिसरा रकाना मी त्याच दुपारी भरला. माझं अक्षर तिच्या अक्षराशेजारी फार वाईट दिसत होतं. खाली सही केली आणि वही डॉक्टरांना दिली.

नोंदी हलवायला सात आठवडे लागले. तोवर जुनाच प्रोग्राम आणि पाऊल. पहिल्या दिवशी पाऊल टेबलावर होतं तरी कुणाला हाक मारवेना. सगळे माझ्याकडे चोरून बघत उठून जात आणि गुपचूप घेऊन येत. शेवटी मीच कार्यशाळेतून ओरडलो, "पाऊल कुणाकडे आहे?" मग खिडकीचा आवाज आला, "माझ्याकडे! आणि दोन मिनिटं मिळणार नाही!"

हे सात आठवडे चालू असताना शिलाईवाल्या ताईंची जखम भरायची होती. ओल्या जखमेवर माप घेता येत नाही. माप हरवलं ते माझ्यामुळे, हे मी त्यांना पाय परत घेतानाच सांगायला हवं होतं. मी आठ दिवसांनी त्या मलमपट्टीला आल्या तेव्हा सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"बाई गेल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "माझं नाव विचारायच्या आधी त्या मला खुर्ची द्यायच्या. पण माझा पाय दोनदा गेला. एकदा गाडीखाली आणि एकदा तुमच्याकडे."

मी कुबड्या त्यांच्या हातात दिल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. खिडकीने चारदा फोन केला. एका रविवारी मी नव्या पत्त्यावर गेलो. पत्ता अगदी बरोबर होता. दुसरा मजला, दारात कापडाच्या चिंध्यांची पिशवी. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, पाणी दिलं. मशीनवर अर्धा शिवलेला झगा होता. बसून करता येईल तेवढंच काम आता घेते, म्हणाल्या. जखम भरली आहे का विचारलं तर म्हणाल्या, "भरली. पण इतक्यात नाही यायचं. मनाने घेतलं की येईन."

जुना प्रोग्राम गेल्या शुक्रवारी बंद केला. बंद करायचं बटण मी दाबलं, काका आणि खिडकी मागे उभे होते. पाऊल जिन्याखालच्या टेबलावरच आहे, त्याची आता गरज नाही, पण मी ते घरी नेलेलं नाही. बाकीची दोन्ही केंद्रं सोमवारपासून लिहायला लागली.

शिलाईवाल्या ताईंच्या नोंदीत मापाची एकच ओळ आहे, मार्चची. साचा माझ्या कपाटात आहे, तसाच, न घासलेला. त्यांचं माप घ्यायचं राहिलं आहे.